संडरलंडचा निकाल आणि कोथरूडमधले एक घर : २४ जून २०१६ च्या सकाळचा प्रकरण अभ्यास

ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, या प्रश्नावर २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. त्याचा निकाल पुण्यात शुक्रवारी, २४ जूनच्या पहाटेपासून दुपारपर्यंत थोडा थोडा करून पोहोचला. या अभ्यासात त्या सात-आठ तासांत कोथरूडमधल्या एका कुटुंबाने आणि त्याच सोसायटीतल्या एका उद्योजकाने येणारे आकडे कसे वाचले, त्यावरून कोणते निर्णय घेतले आणि घरातल्या घरात मते कशी फाटली, याची नोंद केली आहे. संबंधितांच्या संमतीने हे लिहीत असले, तरी नावे मुद्दाम दिलेली नाहीत. मी सांख्यिकी शिकवते, याच सोसायटीत राहते आणि कुटुंबातली मुलगी माझी विद्यार्थिनी होती. त्यामुळे त्या सकाळचा बराचसा भाग मी त्यांच्या दिवाणखान्यात बसून पाहिला.

पुण्यातल्या एका घराला ब्रिटनच्या सार्वमताची एवढी काळजी का असावी, हे आधी सांगायला हवे. या घरातल्या मुलीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सप्टेंबरपासून पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि फीचा पहिला हप्ता, चार हजार पौंड, भरण्याची मुदत जवळ आली होती. वडिलांनी बँकेत ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज, भरून ठेवला होता आणि पैसे शुक्रवारीच पाठवायचे ठरले होते. मुलीचे थोरले काका १९७० च्या दशकात इंग्लंडला गेलेले, लंडनच्या पश्चिमेला स्लाउमध्ये स्थायिक झालेले आणि ब्रिटिश नागरिक. तिचा आतेभाऊ बर्मिंगहॅममध्ये संगणक क्षेत्रात कामाच्या व्हिसावर होता, पासपोर्ट भारतीय. वरच्या मजल्यावरच्या उद्योजकाचा भोसरीत यंत्रभागांचा छोटा कारखाना. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या एका खरेदीदाराला तो माल पाठवी, बिले पौंडात असत आणि पैसे माल गेल्यापासून नव्वद दिवसांनी येत. म्हणजे एकाच इमारतीत एका घराला पौंड स्वस्त व्हावा असे वाटत होते आणि दुसऱ्याला तो महाग राहावा असे.

यातली एक बाब कुटुंबाला निकालाच्या आठवड्यापर्यंत ठाऊकच नव्हती. आतेभावाला या सार्वमतात मत होते. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या, भारतासह राष्ट्रकुलातल्या देशांच्या प्रौढ नागरिकांना तिथल्या संसदीय निवडणुकीत मतदान करता येते आणि सार्वमताची मतदारयादी त्याच आधारावर केली होती. त्यामुळे काही वर्षांपूर्वी हिंजवडीहून बर्मिंगहॅमला गेलेल्या मुलाला मत होते, आणि तिथे वीस वर्षे राहिलेल्या फ्रेंच किंवा पोलिश माणसाला नव्हते. युरोपीय संघातल्या देशांपैकी फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या नागरिकांना मताधिकार होता. ज्यांच्या भवितव्याचा प्रश्न थेट मतपत्रिकेवर होता त्यांनाच मत नसणे मला आजही खटकते. पण आमच्या प्रकरणापुरता त्याचा अर्थ एवढाच की या पुणेरी घराची दोन मते त्या मतपेट्यांत पडली होती आणि ती एकमेकांविरुद्ध होती. काकांचे बाहेर पडण्याच्या बाजूने, भाच्याचे राहण्याच्या बाजूने.

निकाल पाहण्याची आपली सवय

आपण निवडणुकीचे निकाल फेऱ्यांनी पाहतो. सकाळी आठला मोजणी सुरू होते, पहिल्या फेरीअखेर अमुक इतक्या मतांनी आघाडीवर, पाचव्या फेरीअखेर पिछाडीवर, आणि दुपारपर्यंत ‘कल’ हाती येतात. जागांचा हिशेब चालतो. विधानसभेला १४५ आणि लोकसभेला २७२ हे आकडे पोरासोरांनाही पाठ असतात. ब्रिटनच्या सार्वमतात यातले काहीही नव्हते. देशाचे ३८२ मोजणी विभाग केलेले होते आणि प्रत्येक विभाग आपली मोजणी पूर्ण झाल्यावर एकदाच अंतिम आकडा जाहीर करत असे. अधूनमधून आघाडी कळण्याची सोय नव्हती. कोणत्या बाजूने किती विभाग जिंकले याला काहीच किंमत नव्हती, कारण निर्णय सबंध देशाच्या मतांच्या बेरजेवर होणार होता. निम्म्याहून एक मत अधिक मिळाले तरी पुरे, अशी ती रचना होती. किमान इतक्या मतदारांचा पाठिंबा हवा, अशीही अट नव्हती.

शिवाय मतदान संपल्यावर एक्झिट पोल आला नाही. तिकडच्या वाहिन्या सार्वत्रिक निवडणुकीत ठरावीक मतदान केंद्रांवर मतदारांना विचारतात आणि मागच्या वेळी त्याच केंद्रांवर मिळालेल्या उत्तरांशी तुलना करून अंदाज बांधतात. या प्रश्नावर याआधीचे देशव्यापी सार्वमत १९७५ मध्ये झाले होते, तेव्हा ६७ टक्क्यांहून अधिक लोकांनी राहण्याचा कौल दिला होता. इतक्या जुन्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नव्हता. मतदानाच्या दिवशीच केलेल्या, यूगव्ह या संस्थेच्या जनमत पाहणीने मात्र राहण्याच्या बाजूला ५२ आणि बाहेर पडण्याच्या बाजूला ४८ टक्के दिले. पैजांचा बाजार राहण्याची शक्यता ऐंशी टक्क्यांहून अधिक धरत होता आणि बाहेर पडण्याच्या मोहिमेतले आघाडीचे नेते नायजेल फराज यांनी, राहणारेच थोडक्यात जिंकतील असे दिसते, असे मतदान संपता संपता म्हटले. पौंड दीड डॉलरच्या घरात गेला. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजले होते.

पौंडाच्या या चढणीने उद्योजकाला गाफील ठेवले. मतदानाच्या आधीच्या आठवडाभर पौंड वर चढत होता. जुलैमध्ये त्याचे सुमारे चाळीस हजार पौंड यायचे होते. बँकेतून फॉरवर्ड कव्हर घेऊन, म्हणजे पुढे येणाऱ्या रकमेचा दर आजच ठरवणारा करार करून, दर बांधून घ्यावा असे त्याच्या सी.ए.ने सुचवले होते, पण भाव चढत असताना दर बांधून कोण घेईल, असे त्याला वाटले. शंभर रुपयांच्या आसपास पौंड म्हणजे चाळीस लाखांचा हिशेब. तो गुरुवारी रात्री निर्धास्त झोपला.

पहाट

मुलगी मात्र तयारीत होती. ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले राज्यशास्त्राचे अभ्यासक ख्रिस हॅनरेटी यांनी मतदानाआधी प्रत्येक विभागासाठी एक अंदाज प्रसिद्ध केला होता. लोकसंख्येचे वय, शिक्षण आणि आधीच्या निवडणुकांतले मतदान यांवरून कोणता विभाग कोणत्या बाजूला किती झुकेल, याचे ते गणित होते. त्यातून आणि इतर विश्लेषकांनी केलेल्या अशाच हिशेबांतून एक उपयोगी फूटपट्टी तयार होते : देशभर अगदी बरोबरीची लढत झाली, तर या गावात काय दिसायला हवे? तिने एका आखीव वहीत चार रकाने पाडले होते. विभागाचे नाव, बरोबरीच्या लढतीत अपेक्षित आकडा, आलेला आकडा आणि दोहोंतले अंतर. पहिले दोन रकाने तिने गुरुवारी रात्रीच तीसेक विभागांसाठी निळ्या शाईने भरून ठेवले होते. उरलेले दोन रिकामे होते. पूर्ण प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती, असे मला विचारले तर मी ही वही दाखवीन, कारण तिच्यात निकाल येण्यापूर्वीच अपेक्षा लिहून ठेवलेली होती. निकाल आल्यावर, हे असे होणारच होते, असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहिली नाही.

पहाटे चारनंतर पहिला आकडा जिब्राल्टरचा आला, ९५.९ टक्के राहण्याच्या बाजूने. वडिलांनी हुश्श केले. मुलीने त्या ओळीवर काट मारली. स्पेनच्या टोकाशी असलेली, सीमेपलीकडच्या व्यवहारावर जगणारी ती छोटी ब्रिटिश वस्ती दुसरे काही करणारच नव्हती आणि तिच्या कौलावरून इंग्लंडबद्दल काहीही कळत नव्हते. साडेचारच्या सुमारास न्यूकॅसलचा निकाल आला. वाहिनीवर ‘राहण्याच्या बाजूचा विजय’ अशी पट्टी सरकली आणि वडील चहा टाकायला उठले. तिने वही माझ्यापुढे सरकवली. न्यूकॅसल हे विद्यापीठाचे, तरुण वस्तीचे शहर. देशात बरोबरी असती तर तिथे राहण्याच्या बाजूला ठळक आघाडी दिसायला हवी होती. प्रत्यक्षात ५०.७ टक्के, म्हणजे सुमारे अठराशे मतांचे आधिक्य. विभाग जिंकला होता आणि बातमी वाईट होती.

पावणेपाचच्या सुमारास ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलंडचा आकडा आला. ६१.३ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने. ८२,३९४ विरुद्ध ५१,९३०. संडरलंड बाहेर पडण्याकडे झुकेल हे सगळ्यांनीच धरले होते, पण बरोबरीच्या लढतीत तिथले अंतर सुमारे सहा टक्क्यांचे असायला हवे होते आणि ते निघाले बावीस टक्क्यांहून अधिक. पौंडाची किंमत काही मिनिटांतच घसरली. दीड डॉलरवरून ती १.४३ च्या आसपास आली. चलनबाजारातले लोक वाहिन्यांची पट्टी वाचत नव्हते, तेही आपापल्या वहीतला चौथा रकाना भरत होते.

इथे थोडे थांबून संडरलंडबद्दल बोलायला हवे, कारण नंतर उद्योजकाने मला सर्वांत आधी हेच विचारले. त्या गावात निसानचा मोटारींचा कारखाना १९८६ पासून चालू आहे आणि त्यातल्या गाड्या मोठ्या प्रमाणावर युरोपात जातात. “ज्या गावाचं पोट युरोपला जाणाऱ्या गाड्यांवर आहे, ते गाव असं मत देईलच कसं?” हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर कारखान्याच्या बाहेर आहे. संडरलंड हे जहाजबांधणीचे आणि कोळशाचे गाव होते. तिथली जहाजबांधणी १९८८ मध्ये संपली आणि वेअरमथची खाण १९९३ मध्ये बंद झाली. निसानमध्ये हजारोंना काम मिळाले तरी उरलेल्या गावाची जुनी पत आणि जुने रोजगार परत आले नाहीत. एका मोठ्या कारखान्याची उतरती वर्षे वसाहतीतल्या माणसांच्या मनावर काय परिणाम करतात, हे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी औषध कारखान्याच्या आसपास वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको. शेजारी नवे उद्योग उभे राहिले म्हणून जुन्या कामगारांच्या घरातली नाराजी आपोआप मिटत नाही. गावातल्या सर्वांत मोठ्या मालकाचे हित म्हणजेच गावाचे मत, असे धरून चालणे हा सोयीचा तर्क आहे, आणि निवडणुकीच्या विश्लेषणात तो पुनःपुन्हा फसलेला मी पाहिला आहे.

सहा ते आठ हा काळ सर्वांत कठीण गेला. लंडनमधले आकडे येऊ लागले. वँड्सवर्थमध्ये ७५ टक्के, लॅम्बेथमध्ये ७८.६ टक्के राहण्याच्या बाजूने. देशाच्या एकूण बेरजेत आघाडी इकडून तिकडे बदलत होती आणि वडील प्रत्येक बदलाबरोबर उठत-बसत होते. याच तासांत उत्तरेतल्या हार्टलपूलचे ६९.६ आणि लंडनच्या पूर्वेकडच्या एसेक्समधल्या बासिल्डनचे ६८.६ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने गेले. मुलीच्या वहीत लंडनच्या ओळींमध्ये अपेक्षेहून काही ठिकाणी चांगले आकडे होते, पण उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक ओळीचे अंतर एकाच दिशेला होते. चालू बेरीज त्या वेळी फसवी असण्याचे कारण साधे आहे : कोणते विभाग आधी मोजून होतात, याचा सबंध देशाच्या कौलाशी संबंध नसतो. एकदम लंडनचे चार विभाग आले की एक बाजू पुढे दिसते, मग एसेक्समधले चार आले की दुसरी. पण प्रत्येक विभागाची त्याच्याच अपेक्षेशी तुलना केली, तर आधी कोण आले याने फरक पडत नाही. पंधरा-वीस निरनिराळ्या प्रकारची गावे एकाच दिशेला सरकलेली दिसली की उरलेली गावे उलट दिशेला जाण्याची शक्यता फार थोडी उरते.

मतदानाचे प्रमाण ही दुसरी बाब, आणि तिच्याकडे मुलीचेही सुरुवातीला लक्ष नव्हते. मी तिला पाचवा रकाना पाडायला सांगितले. स्कॉटलंड ६२ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने गेले, पण तिथे ६७ टक्केच मतदान झाले. ग्लासगोमध्ये दोन तृतीयांश मते राहण्याच्या बाजूने पडली, मात्र मतदान झाले ५६.२ टक्के. उलट इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागांत ते ७५ टक्क्यांच्या वर गेले. लंडनमध्ये सत्तर टक्क्यांच्या किंचित खाली. ज्या बाजूचे बालेकिल्ले घरी बसले ती बाजू टक्केवारीने जिंकूनही मतांनी मागे पडते, हे महाराष्ट्रात कोणत्याही पक्षाच्या बूथप्रमुखाला शिकवावे लागत नाही. शहरातल्या सुशिक्षित वस्त्यांतल्या कमी मतदानावर पुण्यात दर निवडणुकीनंतर हळहळ होतेच.

साडेसहाच्या सुमारास मुलीने वडिलांना सांगितले, “बाबा, हे बाहेर पडणार. तुम्ही आज बँकेत सकाळी जाऊ नका, दुपारी जा.” वडिलांचा विश्वास बसेना. टीव्हीवर अजून कोणी तसे म्हणत नव्हते.

नऊ वाजून नऊ मिनिटे

बीबीसीवर निवेदक डेव्हिड डिंबलबी यांनी ब्रिटन बाहेर पडणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून नऊ-दहा मिनिटे झाली होती. सव्वानऊला मुंबईचे शेअर बाजार उघडतात. मधली पाच मिनिटे देशातल्या कितीतरी लोकांना ही बातमी आणि तिची किंमत एकदमच कळण्याची होती. सेन्सेक्स दिवसभरात हजाराहून अधिक अंशांनी खाली गेला आणि सहाशेच्या आसपास घट घेऊन बंद झाला. जग्वार लँड रोव्हरची मालकी २००८ पासून टाटा मोटर्सकडे होती, त्या टाटा मोटर्सचा शेअर सुमारे आठ टक्के पडला. पिंपरी-चिंचवडमध्ये त्या दिवशी चहाच्या टपरीवर हीच चर्चा होती. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी, गरज पडल्यास डॉलर आणि रुपया दोन्हींची उपलब्धता राखू, असे आश्वासन दिले. पौंड डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकाला, १.३२ पर्यंत, जाऊन आला आणि शंभर रुपयांच्या आसपासचा पौंड नव्वदीच्या पहिल्या टप्प्यात उतरला.

वडील दुपारी बँकेत गेले. त्यांनी फक्त पहिला हप्ता भरला आणि पूर्ण वर्षाची फी एकदम भरून टाकण्याचा विचार सोडून दिला. पौंडामागे सात-आठ रुपये वाचले म्हणजे चार हजार पौंडांवर तीसएक हजार रुपये वाचले. यात पौंड आणखी पडेल असे भाकीत करण्याचा भाग नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवते. मुलीने सकाळी साडेसहाला जे सांगितले ते एवढेच होते की, निकालाची दिशा आता कळली आहे आणि बँकेचा सकाळचा दर घाईने बांधून घेण्याचे कारण उरलेले नाही. पुढे त्या वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत पौंड ऐंशीच्या घरात गेला आणि दुसरा हप्ता आणखी स्वस्त पडला. तो मात्र नशिबाचा भाग होता.

उद्योजकाला मी सव्वानऊनंतर जिन्यात भेटले. त्याच्या हिशेबात चाळीस लाखांचे सदतीस लाखांच्या आसपास झाले होते, आणि यंत्रभागांच्या धंद्यात तीन लाख म्हणजे त्या मालावरचा बहुतेक नफा. त्याची चूक पाहणी अहवालांवर विश्वास ठेवण्यात नव्हती. ते अहवाल बऱ्याच जाणकारांनीही खरे मानले होते. त्याला आपण दर न बांधून एक पैज लावली आहे, हे उमगले नव्हते. कव्हर घेणे म्हणजे सट्टा आणि न घेणे म्हणजे सुरक्षित, अशी समजूत भोसरी-चाकणच्या छोट्या निर्यातदारांत मी अनेकदा ऐकली आहे. प्रत्यक्षात पौंडात येणे असलेल्या माणसाने काहीच केले नाही, तर त्याने सगळी रक्कम पौंडाच्या बाजूने लावलेली असते.

घरातली फूट

अधिकृत निकाल मँचेस्टरच्या टाउन हॉलमधून मुख्य मोजणी अधिकारी जेनी वॉटसन यांनी वाचून दाखवला, तेव्हा इथे दुपारचे बारा वाजत आले होते. बाहेर पडण्याच्या बाजूने १,७४,१०,७४२; राहण्याच्या बाजूने १,६१,४१,२४१. अंतर १२,६९,५०१ मतांचे, ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. तासाभरात पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच सुमारास स्लाउहून काकांचा फोन आला.

फोन स्पीकरवर होता. वडिलांचा आवाज चढला : “दादा, तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी आत गेलात आणि आता मागून दार लावून घेतलंत.” काका शांत होते. ते म्हणाले, “अरे, दार युरोपच्या माणसाला सताड उघडं होतं आणि आपल्या ताईच्या पोराला दर खेपेला कागदांचा गठ्ठा मागत होते. सगळ्यांना एकच नियम लावा, एवढंच माझं म्हणणं.” काकांचा हा मुद्दा मोहिमेत उघडपणे मांडला गेला होता. भारतीय वंशाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी बाहेर पडल्यास दक्षिण आशियातून येणाऱ्यांवरचा अन्याय कमी होईल असे सांगितले होते, करी रेस्टॉरंटांना आचारी मिळतील असेही सांगितले होते. भारतीय वस्ती मोठी असलेल्या भागांनी एकसारखे मत दिले नाही, हे आकड्यांतही दिसते. स्लाउ ५४.३ टक्क्यांनी आणि ल्यूटन ५६.५ टक्क्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने गेले. लेस्टर आणि हाउन्स्लो ५१.१ टक्क्यांनी काठावर राहण्याच्या बाजूने. हॅरो, ब्रेंट आणि ईलिंग स्पष्टपणे राहण्याच्या बाजूने. विभागाच्या आकड्यावरून त्यातल्या भारतीयांनी काय केले हे थेट सिद्ध होत नाही, पण ‘इंग्लंडमधले आपले लोक’ असा एक गठ्ठा नव्हता, एवढे नक्की.

बर्मिंगहॅमचा निकाल शेवटच्या काही निकालांत आला होता. साडेचार लाख मतांत ३,८०० मतांनी, ५०.४ टक्क्यांनी, शहर बाहेर पडण्याच्या बाजूने गेले. आतेभावाने दुपारी कुटुंबाच्या गटात एकच ओळ लिहिली, की आज कार्यालयात पोलंडचा सहकारी त्याच्या शेजारी बसून काहीही बोलला नाही. त्यावर काकांनी उत्तर दिले नाही. मामा-भाच्यांत त्यानंतर कित्येक महिने बोलणे झाले नाही आणि वडील-काकांचेही फोन सणावारापुरते उरले. ज्या प्रचारकाळात, मतदानाला आठवडा असताना, जो कॉक्स या खासदार महिलेची हत्या झाली होती, त्या काळाचा ताण हजारो मैलांवरच्या घरातही पोहोचला होता.

मराठी कुटुंबांना जनमत कौलावरून घरात पडलेली फूट अगदीच अपरिचित नाही. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेतला गेला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, विरोधाचे दोन पाने; १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी गोवा केंद्रशासित प्रदेशच राहिला. पणजी-म्हापशातल्या नातेवाइकांशी तेव्हा पुण्या-मुंबईतल्या घरांचे खटके उडाले होते, हे जुन्या पिढीतले लोक सांगत. पण दोन्ही कौलांत एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. गोव्यात दोन्ही पर्याय मतदाराच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष होते : शेजारी महाराष्ट्र राज्य होते आणि केंद्रशासित प्रदेशाचा कारभार चालू होता. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर राहणे म्हणजे काय ते माहीत होते, बाहेर पडणे म्हणजे काय ते कोणीच ठरवलेले नव्हते. काकांच्या मनातले बाहेर पडणे सगळ्यांना समान नियमाचे होते, संडरलंडमधल्या खाणकामगाराच्या मुलाचे वेगळे, आणि परदेशातून कोणीच येऊ नये असे वाटणाऱ्याचे आणखी वेगळे. ही सगळी मते एकाच बेरजेत गेली. त्यामुळे निकाल काय लागला हे २४ जूनला कळले, पण कशाचा निकाल लागला यावर तिथली संसद पुढली तीन वर्षे भांडत राहिली.

पुढचा काळ

मुलगी सप्टेंबरमध्ये गेली. फी स्वस्त पडली, पण शिक्षणानंतर दोन वर्षे राहून काम शोधण्याची सवलत ब्रिटनने २०१२ मध्येच बंद केली होती. अभ्यासक्रम संपल्यावर हातात चारेक महिने होते आणि ती परत आली. ही सवलत विद्यार्थ्यांना पुन्हा मिळू लागली ती २०२१ मध्ये. ब्रिटनने बाहेर पडण्याची रीतसर सूचना २९ मार्च २०१७ रोजी दिली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो बाहेर पडला. २०२१ पासून युरोपीय आणि बिगरयुरोपीय अर्जदारांना एकाच गुणपद्धतीने तोलले जाऊ लागले आणि भारतीयांना मिळणाऱ्या शिक्षणाच्या व कामाच्या व्हिसांची संख्या खूप वाढली. काकांचा मुद्दा या बाबतीत खरा ठरला, हे मान्य करायला हवे. त्यासाठी तीन कोटींहून अधिक लोकांच्या मताने एक देश दुभंगावा लागावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर नकारार्थी आहे आणि वडिलांचे तर ठामपणे नकारार्थी.

आतेभाऊ तिथेच राहिला. काका आजारी असताना त्यांना इस्पितळात नेणे-आणणे त्यानेच केले. मतांबद्दल ते दोघे अजूनही एकमत नाहीत आणि आता वाद टाळतही नाहीत, असे मुलगी सांगते.

उद्योजकाने जुलैतली रक्कम आली त्या दराने घेतली, तोटा सोसला आणि त्यानंतर एक पद्धत ठरवली. प्रत्येक पौंडातल्या बिलाची निम्मी रक्कम, माल गाडीत चढला की त्याच आठवड्यात बँकेकडून फॉरवर्ड दराने बांधून घ्यायची. भाव चढत असो की उतरत असो. उरलेल्या निम्म्यावर तो स्वतःच्या अंदाजाने निर्णय घेतो, आणि तो अंदाज काय आहे हे निर्णयाच्या दिवशी तारखेसह डायरीत लिहून ठेवतो.